बाबांची पाणसळ

बाबांच्या पाणसळीतला बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधे आला, तशी मी गुडघ्यांवरची माती झटकली. पाचगणीच्या आमच्या घरातली उतरती फरशी उकरून, विटा रचून, वर काळा दगड मी एकटीनं बसवला होता. धाकटा भाऊ उदय फोनवर म्हणाला होता, "ताई, यंदा थंडीत आईला तिथंच ठेवू. लाकडाचा स्टोव्ह आणतो. ओटा मात्र तूच कर, बाबांचा हात तुझ्यातच उतरलाय." एवढ्या कौतुकावर मी भुलले.

ओटा वाळल्यावर उदय आला. हमालांनी लोखंडी स्टोव्ह ठेवला, धुराडं जोडलं. स्टोव्ह जराही डुगडुगला नाही. मी उतू घालायला दूध आणायला वळले, तर उदयच्या गाडीतून एक अनोळखी बाई उतरल्या. हातात नवंकोरं पातेलं, दुधानं भरलेलं.

"आमच्या घरातलं पहिलं दूध मीच उतू घालणार हं," त्या हसून म्हणाल्या.

मी उदयकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत पुटपुटला, "घर माझ्या नावावर होतं, ताई. विकलं मी यांना. स्टोव्ह बसवून द्यायचं ठरलं होतं. आधी सांगितलं असतं, तर तू हात लावला असतास?"

"आणि आई?"

त्यानं काड्यापेटी बाईंच्या हातात दिली.

जाळ धरला. दूध वर आलं आणि पातेल्याच्या चहूबाजूंनी एकसारखं ओघळलं. "काय सुरेख पातळी साधलीय!" बाई म्हणाल्या.

उदयनं ओट्यावरची पाणसळ उचलून माझ्या हातात दिली.

"ही तेवढी घेऊन जा, ताई. बाकी सगळं घराबरोबर गेलं."