मधून

हियाम उठली ती थेट मोटारीच्या पुढच्या चाकासमोर जाऊन उभी राहिली. गुडघा फुटला होता, हेल्मेटची काच तडकली होती, आडवी पडलेली मोटरसायकल अजून फुरफुरत होती. त्यातलं काही तिच्या ध्यानात नव्हतं. ती फक्त ते चाक बघत होती. तिरकं वळलेलं, पांढरा पट्टा ओलांडून आलेलं.

"मोटार हलवायची नाही," ती म्हणाली. "खबीर येईपर्यंत नाही."

बैरूतकडे जाणाऱ्या हायवेवर, अंतेलियासच्या पुढे, भर दुपारी असं बोलायला छाती लागते. पुढच्या चौकातले सिग्नल कधीचे मेलेले, त्यामुळे तिन्ही रांगा आधीच मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. त्यात हिने मधली रांग ठप्प केली. पण आमच्याकडची रीतच ती. ठोकर झाली की विमा कंपनीचा खबीर येऊन बघेपर्यंत कुणी काही हलवायचं नसतं, मग मागे सारं जग का खोळंबेना. तो ज्याच्याकडे बोट दाखवील, चूक त्याची.

मोटारीतून उतरलेल्या शफीकसाहेबांना मात्र खबीराची गरजच वाटत नव्हती. चूक कुणाची ते आंधळाही सांगेल, असं त्यांचं म्हणणं. दोन रांगांमधली फट म्हणजे काय रस्ता आहे? जो तिथून घुसतो तो आपल्या मरणाने मरतो. एवढं सगळ्यांना ऐकवून झाल्यावर ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, चूक झाली म्हणा आणि निघा. मी काही मागत नाही. कशाला उन्हात तमाशा?"

हियामला सोपं होतं ते. पण औषधं घरपोच द्यायचं हे काम तिला देताना दुकानाच्या खलीलशेटनी साफ सांगितलं होतं, की बाईमाणसाच्या हातात मोटरसायकल दिली म्हणून लोक मला नावं ठेवतायत; ज्या दिवशी तुझी चूक निघेल त्या दिवशी किल्ली परत करायची. तिला ती किल्ली परत करायची नव्हती. मरमरून मिळवलेलं काम असं कुणाच्या घाईपायी घालवायचं?

"चूक माझी नाही," ती म्हणाली.

मग जो तो न्यायाधीश झाला. टॅक्सीवाला म्हणाला, ह्या मोटरसायकलवाल्यांना असंच पाहिजे, माशांसारखे अंगावर येतात. मागच्या मोटारीतली म्हातारी खिडकीतून म्हणाली, पोरी, हट्ट सोड, माझ्या पायांना सूज आलीय. शफीकसाहेबांना तेवढंच हवं होतं. निदान चाक तरी सरळ करू द्या, लोकांना वाट होईल, असं ते दर दोन मिनिटांनी म्हणू लागले. चौघे दुजोरा द्यायला होतेच. हियामने कुणाशी हुज्जत घातली नाही. ती त्या चाकाला पाठ लावून खाली बसली, तापल्या डांबरावर. आता म्हणावं, हलवा.

खबीराचा पत्ता नव्हता. शफीकसाहेबांनीच शेवटी त्याला बोलावलं होतं. त्यांनी पुन्हा फोन लावला, तर तो बिचारा मागे ह्याच खोळंब्यात अडकलेला. साहेबांचा पारा चढला.

"अहो, मोटार सोडा तिथेच!" ते फोनवर ओरडले. "कुणाच्याही मोटरसायकलवर मागे बसा आणि या ना मधून! पाच मिनिटांत पोचाल!"

आजूबाजूचे हॉर्न वाजायचे थांबले. टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि अगदी अदबीने विचारलं, "साहेब, मधून म्हणजे नेमकं कुठून?"

पहिली हसली ती म्हातारी. मग हसू मोटारी-मोटारींतून मागे पसरत गेलं. साहेबांनी फोन खिशात घातला.

खबीर आला तो एका गॅस सिलिंडरवाल्याच्या मागे बसून, एका हाताने टाय आणि दुसऱ्या हाताने सिलिंडर धरून. उतरला, हियामला बाजूला व्हायला सांगितलं आणि उकिडवा बसून त्याने चाक बघितलं, पट्टा बघितला, मोटरसायकलला कुठे मार बसलाय ते बघितलं. शफीकसाहेब म्हणाले, पण ही मधून येत होती.

"मधून तर मीही आलो. तुम्हीच बोलावलंत." खबीर गुडघे झटकत उठला. "ती सरळ येत होती. तुम्ही न बघता आडवे घुसलात. चाक अजून वळलेलंच आहे. चूक तुमची."

हियामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही. फोन लावून तिने तो खबीरापुढे धरला.

"हेच जरा आमच्या शेटना सांगाल?"

खबीराने सांगितलं. पलीकडे खलीलशेटनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी फोन तिला द्यायला सांगितला आणि विचारलं, लागलं का तुला? एवढे दिवस त्यांनी तिला असं काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, गुडघा फुटलाय, पण औषधं शाबूत आहेत, पोचवून येते. बरं, म्हणाले. किल्लीचा विषय निघाला नाही.

दोघे-तिघे हात द्यायला पुढे झाले, पण मोटरसायकल तिने एकटीनेच उभी केली. दोन लाथांत सुरू झाली. पुढे चौकापर्यंत मोटारीच मोटारी, एकीला एक खेटून.

पुढच्या व्हॅनवाल्याने हात बाहेर काढला आणि आपला आरसा आत मिटला. शेजारच्या मोटारीचा मिटला. मग त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, दोन्हीकडचे आरसे मिटत गेले आणि मधली फट रुंद झाली.

हियामला उशीर झाला होता. तरी ती सावकाश गेली.