कानाला बसेल असा

कौमुदीने आणखी एक जोडी कानातून काढली आणि काउंटरवर ठेवली. "ये भी नहीं, भैया. दूसरा दिखाइए."

काउंटरमागच्या तरुणाने न कुरकुरता पुढची डबी उघडली. रायपूर राजधानी झाल्यापासून तात्यापाऱ्यात पावलोपावली मोबाईलची दुकानं निघाली होती, त्यातलंच हे 'शेखर मोबाईल'. दुपारची वेळ, गिऱ्हाईक ती एकटीच. गल्ल्याजवळची गादीची खुर्ची रिकामी होती आणि हा स्टुलावर बसला होता. निदान मिजासखोर तरी नाही, असं कौमुदीने मनात टिपून ठेवलं.

इअरफोन तिला हवेच होते. जुन्याची एक बाजू कधीच मुकी झाली होती. पण इअरफोन काय, चौबे कॉलोनीत घराशेजारीही मिळाले असते. एवढ्या उन्हात ती इथे आली होती ते नवरा बघायला.

रविवारी शेखर आणि त्याची आई तिला बघायला येणार होते. तिचा फोटो केव्हाच रवाना झाला होता. "आणि पोराचा?" असं तिने विचारलं, तेव्हा प्रेमलाआत्याने कपाळावर हात मारला.

"पोराचा फोटो कोणी मागते का वं? दुकान आहे, घर आहे. अजून काय पाहिजे तुले?"

बाबांनी, म्हणजे अनंतरावांनी, पेपरातून डोकंही वर काढलं नाही. तेव्हाच कौमुदीने ठरवलं. रविवारी तो आपल्याला बघणार असेल, तर त्याआधी आपण त्याला बघायचं, तेही घरात कोणाला न सांगता. ऐकणं आणि पाहणं यांत चार बोटांचं अंतर असतं म्हणतात, ते काय उगीच?

फोटोवरून त्याने ओळखू नये म्हणून स्कूटीवर बांधलेला स्कार्फ तिने नाकापर्यंत तसाच ठेवला होता, फक्त कानांपाशी सैल केला होता. रायपुरात त्याचं कोणाला नवल वाटत नाही.

तिने नेहमीचं गाणं लावलं. दुसऱ्या कडव्याआधी बासरीच्या मागे बारीकसं घुंगरू वाजतं, ते तिला ऐकू यायला हवं होतं. आलं नाही.

"सगळे लबाड," ती पुटपुटली. "डबीवर एक लिहितेत, अंदर एक ठेवतेत."

"डबीवर मी नाही लिहिलं," तो म्हणाला.

कौमुदी चपापली. म्हणजे हा मराठी! शेखरच्या दुकानात बसलेला मराठी तरुण. आता शंकेला जागाच नव्हती. ती सावरून बसली आणि खरी परीक्षा सुरू केली.

"तो वरचा महागवाला चांगला असन," ती काचेच्या कपाटाकडे बोट दाखवत म्हणाली.

"दिसायले चांगला आहे. पण नुसता धबधब करते. वरातीतला बाजा ऐकाचा असन तर घ्या."

"असं बोलून दुकान चालते तुमचं?"

"चालून तर राहिलं आहे," तो हसला.

"मग भाव कमी करा."

"भाव काही माझ्या हाती नाही, मॅडम."

वा! कौमुदीला हे आवडलं. एका शब्दाचा माणूस दिसतो. घासाघीस करणारे पुरुष तिला मुळीच सहन होत नसत.

त्याने मान तिरपी करून तिच्या कानाकडे पाहिलं. "तुमचा कान लहान आहे. हे मोठं रबर अंदर बसूनच नाही राहिलं, म्हणून आवाज बाहेर पळते." त्याने सगळ्यात स्वस्त जोडी घेतली, तिची रबरं उपटली, लहान रबरं चढवली आणि पुढे केली. "आता पाहा."

कौमुदीने डोळे मिटले. बासरी आली, आणि तिच्या मागून, अगदी स्पष्ट, घुंगरू. तिला इतका आनंद झाला की हसणं स्कार्फमध्ये लपलं म्हणून बरं.

एकच प्रश्न उरला होता. गेली दोन वर्षं आत्या तिला बजावत होती, सासरी हे कानातले बोळे चालणार नाहीत म्हणून.

"लग्न झाल्यावर बायको दिवसभर असे घालून बसली," तिने विचारलं, "तर नवऱ्याले चालन का?"

तो वायर गुंडाळत होता. हात थांबला नाही. "नवऱ्याले इचारून कोणी कान वापरते काय?"

घरी आल्यावर कौमुदीने स्कार्फ सोडता सोडता जाहीर केलं, "बाबा, माझा होकार आहे. आल्या आल्या सांगून टाका त्यायले. मी ट्रे घेऊन उभी नाही राहणार."

"पोट्टी सुधरली एकदाची," म्हणत आत्याने देवापुढे साखर ठेवली. ट्रेचं तिने कानाआड केलं.

रविवारी कौमुदी बैठकीत आली ती मोकळ्या हातांनी, ताठ मानेने. अनंतरावांनी होकार सांगून पेढेसुद्धा वाटले होते. सोफ्यावर एका बाईशेजारी बोटाबोटांत अंगठ्या घातलेला एक गोरापान माणूस पेढा चघळत होता. कौमुदीने त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

"शेखर नाही आले?" तिने विचारलं.

सगळे हसले. "हाच तर शेखर!" आत्या म्हणाली.

"मग दुकानात बसते तो?"

"तो होय?" शेखरच्या आईने आवाज खाली आणला. "तो लोकेश. नोकर आहे आमचा. गुढियारीच्या भीमाबाईचा पोट्टा. काहून, काही बोलला का तुले?"

"हव, बोलला," कौमुदी म्हणाली. "होकार त्याले आहे. उद्या दुकान उघडलं की निरोप द्या."