पुजलेल्या बाटल्या

बाटल्यांच्या गळ्यात झेंडूचे हार होते आणि त्या हलवणारं यंत्र बंद होतं. निकिता दारातच थिजली.

कॉलेजच्या या प्रयोगशाळेत ती पीएच.डी.साठी यीस्ट वाढवत होती. दसऱ्याला काष्टीला घरी जाताना तिने कानिफनाथमामांना, म्हणजे प्रयोगशाळेच्या शिपायांना, पुन्हा पुन्हा बजावलं होतं की रोज ताजं साखरेचं पाणी घाला. आता कोजागिरी आली होती, आणि बाटल्यांना सुकलेलं कुंकू चिकटलं होतं.

"खंडेनवमीला पुजली समदी," मामा कौतुकाने म्हणाले. "आमच्यात पुजलेलं अवजार ज्याचं त्यानंच उचलायचं आसतं, ताई. तुमी येस्तवर मी कसा हात लावू?"

निवृत्तीला टेकलेल्या माणसाला निकिता बोलणार तरी काय?

पेशीला वाढायचं तर प्रथिनं बनवणारे कारखाने लागतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. ते उभारण्यातच पेशीची बरीचशी कमाई जाते, म्हणून त्यांच्या जनुकांवर एक ब्रेक असतो. निकिताने एका वाणातला तो ब्रेक काढून टाकला होता, आणि फरक काडीचा पडला नव्हता. दोन्ही वाण सारखेच वाढत. मग पेशीने हा ब्रेक ठेवलाय कशाला, असं गाइड मॅडम विचारत, आणि ती मान खाली घाली. दिवाळीनंतर प्रबंधाची शेवटची मुदत होती. एखादा दिवस तिने यीस्टला उपाशी ठेवून पाहिलं होतं. त्याहून जास्त ठेवायला तिचा जीव झाला नव्हता.

तिने हार काढले, दोन्ही वाणांना ताजं पाणी घातलं आणि मामांवर मनातल्या मनात धुसफुसत खोली गाठली.

सकाळी ब्रेकवाल्या वाणाची बाटली दुधाळ झाली होती. बिनब्रेकची मात्र नितळच होती. निकिताने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकही पेशी जिवंत नव्हती.

साध्या पेशींनी उपासमारीत रायबोसोमची जनुकं बंद केली होती, होतं ते पुरवून खाल्लं होतं आणि तग धरला होता. बिनब्रेकच्या पेशी चूल विझली तरी कारखानेच बांधत बसल्या होत्या. मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर टेबलावर उभं होतं. ज्या माणसाला तिने रात्रभर बोल लावले, त्याचेच हे उपकार होते. तिला भरून आलं.

एवढ्यात मामा आले. त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं होतं, चेहरा पार उतरला होता.

"माझ्यामुळं तुमचं लई नुकसान झालं म्हनं."

निकिता वाकून त्यांच्या पाया पडली. ते गडबडून मागे सरले.

"मामा," डोळे पुसत ती म्हणाली, "आमच्यात एकदा घडलेलं कुणी खरं मानत नाही. आणखी दोनदा घालाल का ही पूजा?"