खालचा थर

फोनने सरळ हात वर केले. ही फाइल उघडता येत नाही, एवढं सांगून तो मोकळा झाला. बहिणीने पेनड्राइव्ह उपसला आणि भावाच्या लॅपटॉपला लावला. लॅपटॉप जरा शिकलेला. त्याने आधी विचारलं, कशात उघडू? तिने दिसेल ते बटण दाबलं, तर स्क्रीनवर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि जगातल्या कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं भसाभसा सांडली.

"झालं समाधान?" भाऊ म्हणाला. "ती कंपनी बुडाली, तिच्याबरोबर तो प्रोग्रॅम बुडाला. बाबांशिवाय कुणी वापरत नव्हतं ते. आता बाबाही गेले."

बाबा फोटोग्राफर होते. खाली स्टुडिओ, वर घर. लग्नानंतर ती आज पहिल्यांदा या घराचा जिना चढली होती, आणि वाटणीत मागितली तर ही एक फाइल. भावाने ती बाबांच्या बॅकअपच्या डिस्कवरून तिथल्या तिथे पेनड्राइव्हवर टाकून दिली होती. अशी स्वस्तात सुटका कोणाची होते?

वहिनीच्या टॅबलेटवर मात्र कुठलंसं फुकटचं ॲप निघालं आणि फोटो उघडला. हॉलमधल्या भिंतीवर होता तोच. बाबा, दादा, आई. आईचा हात खुर्चीच्या पाठीवर. मागे स्टुडिओचा लाल पडदा.

"हा तर भिंतीवरच आहे, वन्सं," वहिनी म्हणाली. "उगाच तीन यंत्रांना घाम फोडलात."

मुळात त्या खुर्चीच्या जागी बहीण उभी होती. स्टुडिओत पहिला डिजिटल कॅमेरा आला त्या दिवशीचा फोटो. आई त्याच वर्षी गेली. पुढे हिने कोणाला न विचारता लग्न केलं, आणि मग कधीतरी भिंतीवर हिच्या जागी खुर्ची येऊन बसली. आईबरोबरचा दुसरा फोटो हिच्यापाशी नव्हता. फोटोग्राफरच्या घरात फोटो काढायला सवड कोणाला? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"टॅबलेटला वरवरचंच दिसतं," ती म्हणाली. "खाली थर असतात. बाबा मूळ फोटोला कधी हात लावायचे नाहीत. गिऱ्हाइकाच्या गालावरचा तीळसुद्धा वेगळ्या थरावर झाकायचे. उद्या त्याला तो परत हवासा वाटला तर, म्हणायचे. खालची चावी दे."

"कशाला उकरतेस?"

"चावी दे, दादा."

"तो डबा उद्या भंगारात जाणार आहे. चालूसुद्धा होणार नाही."

"मग तुझं काय जातं?"

त्याने चावी दिली आणि तिच्या मागोमाग खाली आला. पण आत शिरला नाही, दारातच उभा राहिला.

जुना कॉम्प्युटर कण्हत, थांबत, मध्येच पुन्हा सगळं विसरत एकदाचा जागा झाला. फाइल मात्र काहीही न विचारता उघडली. उजव्या बाजूला थरांची नावं होती, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. खुर्ची. पडदा. सगळ्यात खाली, घरचे.

बाबा तोंडाने काय वाटेल ते बोलले असतील, घरात तिचं नाव काढू दिलं नसेल, पण पुसलं नसेल त्यांनी. नुसतं झाकलं असेल. एवढंच बघायला ती आली होती.

तिने खुर्चीपुढची खूण काढली. खुर्ची गेली. पडद्यापुढची काढली. पडदाही गेला.

खाली ती नव्हती. बाबा होते, दादा होता, आई होती, आणि आईच्या शेजारी एका मुलीच्या आकाराचं भोक होतं. आईचा हात तेवढा जागच्या जागी होता. बोटं खांदा धरल्यासारखी वाकलेली, आणि खांदा नव्हता.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तरी ती यादी वर-खाली करत राहिली. आणखी एखादा थर असेल, दुसऱ्या नावाचा असेल. नव्हता.

"म्हणून नको म्हणत होतो," दारातून भाऊ म्हणाला.

तिने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. भोकाची कड आता स्क्रीनभर झाली. फोटो काढला त्या दिवशी ती न्हाली होती, केस मोकळे होते आणि स्टुडिओतला पंखा चालू होता. उडालेला एकेक केस बाबांनी सोडवून घेऊन कापला होता. काही बटा आईच्या गालावर आल्या होत्या, त्या वेचून काढून गाल पुन्हा होता तसा भरला होता. आईला कुठे ओरखडासुद्धा लागू दिला नव्हता. असं काम त्यांनी कुठल्या नवरीच्या फोटोवरही केलं नसेल.

"किती वेळ लागला रे याला?"

भाऊ म्हणाला, "आठवडाभर स्टुडिओ बंद ठेवला होता. जेवायलासुद्धा वर यायचे नाहीत. मी म्हटलं, बाबा, राहू द्या, वरून पडदा येतोच आहे, कोणाला दिसणार आहे खालचं? तर म्हणाले, अर्धवट काम मला जमत नाही."

ती त्या कडेकडे बघत होती.

"माझ्यासाठी बाबा इतका वेळ कधी बसले नव्हते," ती म्हणाली.