वाकडी ओळ

चौऱ्याहत्तर सालचा रोवणा. माझी चौथीतली चंद्रकला माझ्यासोबत बांधीत धान रोवत होती, आणि परसराम गुरुजी छडी घेऊन बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभे.

"गिरजाबाई, पोरीले शाळेत पाठवा."

"अन् हिच्या वाटचं काय तुमी रोवता?"

गुरुजींनी छडी धुऱ्यात खुपसली, धोतर खोचलं आणि खरंच चिखलात उतरले. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. रोवणा संपेपर्यंत ते रोज शाळेआधी आले, अन् चंद्रकला शाळेत गेली. त्यांनी लावलेली वाकडी ओळ मी रोज शिव्या घालत उपटली अन् सरळ रोवली.

त्याला वीस वर्षं झाली. आज चंद्रकला त्याच शाळेत मास्तरीण आहे. काल बाया कमी पडल्या म्हणून मी शेजारच्या डोमाच्या पोरीला, सुमनला, रोवायला आणलं. शाळा भरायच्या टायमाला चंद्रकला धुऱ्यावर हजर.

"माय, सुमनले शाळेत पाठव."

"अन् तिच्या वाटचं कोन रोवते? तू?"

तिनं चपला काढल्या, लुगडं खोचलं अन् उतरली. पोरीला शाळेत धाडलं अन् तिचा वाटा रोवूनच स्वतः गेली.

दिवसभर मला चैन नाही. संध्याकाळी चंद्रकलाची ओळ उपटायला दोनदा वाकले, दोनदा तशीच उभी राहिले. हुबेहूब गुरुजींच्या हातची ओळ.



ती अजून वाकडीच आहे, अन् सरळ करायला कोणी बाई वाकली तर तिचा हात मोडीन, सांगून ठेवते.