दोन खिडक्यांची शेड

बागेतली अवजारं ठेवायला शेड घ्यायची म्हणून ती नवऱ्याला घेऊन दुकानात आली, पण एकही त्याला पसंत पडेना. चाळीस वर्षं रेल्वे फाटकाच्या केबिनमध्ये काढलेला हा माणूस निवृत्तीनंतर स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखा अवघडून बसायचा, हे तिला सलायचं. शेवटी दुकानामागच्या मोकळ्या आवारात कोपऱ्यातल्या दोन खिडक्यांच्या लाकडी शेडमध्ये तो शिरला तो बाहेरच येईना. तिनं दारातून डोकावून पाहिलं. पालथ्या बादलीवर बसून तो डाव्या खिडकीकडे कान लावून होता. लांबवरच्या झाडांत वारा उठला, सळसळत जवळ आला, तसा तो उभा राहिला. हिरवा झेंडा धरल्यासारखा हात बाहेर काढून, उजव्या खिडकीपलीकडचं शेवटचं पान हलायचं थांबेपर्यंत त्यानं अख्खा वारा जाऊ दिला. “काकू, दोन्हीकडे खिडक्या, फळी ठोकायला भिंतच नाही,” दुकानदार कुजबुजला. “यात ठेवणार काय?” “ह्यांना,” ती म्हणाली.