वीतभर फट

"आता तरी ऐक," रंगनाथ म्हणाला. "डाक्टर काय म्हनला? धूर थांबला न्हाई तर दोन पावसाळंबी काढायची न्हाईस तू."

गोजरबाईनं हातातली फुंकणी ठेवली नाही. ओल्या पऱ्हाट्या धुमसत होत्या. ती दोनदा खोकली, जरा थांबली, मग आणखी एकदा खोकली.

"डाक्टरला काय जातंय बोलाया. भाकरी काय त्यो थापनार हाय?"

शेवगावच्या डॉक्टरांनी तिची छाती तपासली तेव्हा रंगनाथ शेजारीच उभा होता. औषध देतो, पण औषध घेऊन पुन्हा त्याच धुरात बसणार असाल तर उपयोग काय, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून रंगनाथच्या घशाखाली घास उतरत नव्हता. लेकी सासरी गेलेल्या. ही गेली तर आपण कुणाशी भांडायचं, एवढंच त्याच्या मनात यायचं आणि तो उठून गोठ्यात जायचा.

औंदा ग्रामसेविका सुनीतीबाईंनी गावात बिनधुराची चूल आणली होती. मातीचीच, पण मागून पत्र्याचं धुराडं. धूर सरळ छपराबाहेर. अकरा घरांत बसली. गोजरबाई मात्र हटून बसली.

"मला सवय हाय धुराची."

सवय कसली, खुन्नस, असं गाव म्हणायचं. गावाचंही खोटं नव्हतं. आठ वर्षांमागं भावाभावांची वाटणी झाली. जातं एक आणि जावा दोन. त्या जात्यावरून थोरली जाऊ रतनबाई भर अंगणात बोलून गेली, "तुज्या चुलीचा धूरबी नको मला." झालं. रांधायच्या खोलीत मधोमध मातीची भिंत उभी राहिली. तीही धड नाही. वर तुळईशी वीतभर फट राहिली, ती राहिलीच. दोन वर्षांमागं थोरला बन्सी वारला, तेव्हा दोघी जावा दहा दिवस एका घोंगडीवर बसल्या, पण एकमेकींशी शब्द बोलल्या नाहीत. आता पलीकडं रतनबाई एकटीच होती. आणि गोजरबाईचा धूर रोज त्या फटीतून खुशाल पलीकडं जायचा.

"वैनीला धूर द्यायच्या नादात सोता मरशील," रंगनाथ म्हणाला.

"मरंन. तुमाला काय त्याचं?"

त्याला ते लागलं. तो उठून गोठ्यात गेला.

पलीकडूनही खोकला यायचा. इकडं गोजरबाई खोकली की तिकडं रतनबाई खोकायची. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा, कधी चुकायचं नाही. रंगनाथला हसू यायचं. जावाच त्या, खोकल्यातसुद्धा बरोबरी करायच्या.

शेवटी एके दिवशी गोजरबाई बाजाराला गेली आणि रंगनाथनं तिची चूल फोडली. नांदत्या घरातली चूल फोडू नये म्हणतात. त्यानं हात जोडले आणि पहार घातली. सुनीतीबाईंनी त्यांच्याकडची वाळवून ठेवलेली चूल आणून बसवली. संध्याकाळी गोजरबाई दारातच थबकली. चुलीकडं बघितलं, वर भिंतीकडं बघितलं, आणि पाटी उतरवून गुमान पीठ मळायला बसली.

सकाळी घरात धूर नव्हता. किती वर्षांनी समोरच्या भिंतीवरचा देवाचा फोटो नीट दिसला. रंगनाथ चहा घेऊन तिच्या शेजारीच बसला.

"खोकली न्हाईस तू."

"न्हाई."

"बघ. म्हनलं हुतं का न्हाई?"

पलीकडून खोकला आला. दोनदा, मग थांबून एकदा. गोजरबाईचा हात थांबला आणि तव्यावरची भाकरी करपली.

"मन कुठंय तुजं?" रंगनाथ हसला.

तीन दिवस तो असाच दोन्ही वेळा तिच्या शेजारी बसला. ती एकदाही खोकली नाही. त्याला इतका आनंद झाला की जन्मात नाही ते त्यानं तिला कांदा चिरून दिला. पलीकडचा खोकला मात्र वाढला. चार-चारदा यायला लागला, अवेळीही यायला लागला. रंगनाथनं हिशेब केला. आपला धूर तर आता तिकडं जात नाही, म्हणजे वैनीचा स्वतःच्याच चुलीचा असणार.

चौथ्या दिवशी सकाळीच त्यानं सुनीतीबाईंकडून आणलेली आणखी एक चूल खांद्यावर घेतली.

"वैनीकडं बसवतो."

गोजरबाई एकदम उभी राहिली. "तिथं जायाचं न्हाई तुमी."

"बास झालं आता. माज्या भावाची बायकू हाय ती," रंगनाथ म्हणाला आणि गेला.

रतनबाईनं दार उघडलं. डोळे खोल गेलेले. तिनं आधी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"भावजी, समदं ठीक हाय ना घरी?"

"ठीक हाय. चूल आनलीय तुमाला. लई खोकता तुमी."

"मला न्हाई लागायची."

ती दारातून हलेना. रंगनाथ तिला वळसा घालून आत रांधायच्या खोलीत गेला आणि तिथंच थांबला. जमीन नुकतीच सारवलेली होती. वर फटीजवळ तेवढी काजळी होती, खाली भिंतींना डाग नव्हता. भांडी नव्हती, सरपण नव्हतं. मधल्या भिंतीला लागून एक पाट तेवढा मांडलेला होता.

"वैनी, चूल कुठंय?"

"मागं पडवीत. तुमच्या भावानंच मांडून दिली हुती," रतनबाई खाली बघत म्हणाली. "तीन वर्सं झाली."

तेवढ्यात वरच्या फटीतून खोकला आला. दोनदा, मग थांबून एकदा.

रतनबाईनं पदरानं डोळे पुसले, पाटावर बसली, आणि भिंतीकडं तोंड करून खोकली.